पाटण्याचे लेणे आणि जीर्णोद्धाराचा खर्च

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरांवर, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे हे गाव वसलेले आहे. चंडिकादेवीच्या मंदिरामुळे हा परिसर ‘पाटणादेवी’ या नावाने सर्वांस परिचित असून नवरात्रात खानदेशच्या कानाकोपऱ्यांतून भाविक येथे येतात. १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात हा प्रदेश मोडतो. देवीचे दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक जवळच्या कन्हेरगडाची वाट चढतात. त्या गडाच्या कातळात एक लहानसे लेणे कोरलेले आहे. लोक त्याला ‘नागार्जुन कोठडी’ म्हणतात.

नाव बौद्ध आचार्यांचे असले तरी लेणे जैन आहे. आत पद्मासनस्थ तीर्थंकर असून त्यांच्यापाशी चवरीधारी सेवक आहेत. कायोत्सर्ग मुद्रेतील दिगंबर मूर्तीही आहे. वेरूळच्या उत्तरकालीन जैन लेण्यांशी नाते सांगणारे हे काम त्या मानाने साधे व लहान आहे. येथे पूजा होत नाही, प्रक्षाल होत नाही, वर्षगाठीला ध्वजा चढत नाही. या लेण्याचा कोणी विश्वस्त नाही, त्याच्या नावाने भंडार नाही. शतकांच्या ओघात ते कोणी कोरविले याचे स्मरण गेले आणि मूर्ती कोणाच्या आहेत याचेही स्मरण गेले. उरले ते लोकांनी दिलेले नाव. आज हे लेणे, शेजारची ‘सीतेची न्हाणी’ व ‘शृंगार चावडी’ ही लेणी आणि पायथ्याचे महेश्वर मंदिर ही सर्व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली असून राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके म्हणून त्यांची नोंद आहे.

ज्या वास्तूला भक्त नाही आणि भंडार नाही, तिचा खर्च कोणी करावयाचा? हा प्रश्न केवळ पाटण्याचा नाही. धुळे जिल्ह्यातील भामेरच्या डोंगरातही तीर्थंकर-मूर्ती असलेली साधी जैन लेणी आहेत. साक्री तालुक्यातील बळसाणे आज श्री विमलनाथ भगवंतांचे तीर्थ म्हणून गजबजलेले आहे. त्याच गावात यादवकाळातील प्राचीन मंदिरांचा समूहही उभा आहे. एकाच गावात एका वास्तूला संघाचा आधार आहे, तर दुसरीला केवळ सरकारी खात्याचा. या दोन आधारांतील फरक समजून घ्यावयाचा, तर पाटण्याच्या इतिहासाइतका चांगला मार्गदर्शक खानदेशात दुसरा नाही.

बाजारपेठेने पोसलेले विद्यापीठ

पाटणे हे एके काळी निकुंभ घराण्याच्या सत्तेचे केंद्र होते. हे घराणे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक. महेश्वर मंदिरातील शके १०७५, म्हणजे इ.स. ११५३ च्या शिलालेखावरून असे दिसते, की इंद्रराजाने आरंभिलेले हे शिवमंदिर त्याचा पुत्र गोवन याच्या काळात पूर्ण झाले आणि मंदिराच्या खर्चासाठी एक गाव तोडून देण्यात आले. गावाचे उत्पन्न देवास लावून देणे, ही त्या काळातील सर्वपरिचित पद्धत होय.

पाटण्याचा दुसरा शिलालेख याहून अधिक प्रसिद्ध आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि त्यांचे अन्य ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनी पाटण्यास मठ स्थापिला. निकुंभ राजा सोईदेव याने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमारास, या मठास दान दिले. त्याचा बंधू हेमाडिदेव यानेही दान दिले. लेखाचा आरंभीचा भाग संस्कृतात असून दानाचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे. व्यवहाराचे जे कलम बाजारातील प्रत्येकास कळले पाहिजे, ते बाजाराच्या भाषेत लिहिले गेले.

तो तपशील पाहण्याजोगा आहे. पाटण्याच्या पेठेत जो माल विकला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजास मिळणारा कर मठास देण्यात आला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या घ्यावयाच्या. गावात जितके घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागे पळी-पळी तेल मठास द्यावयाचे. जे मोजावयाचे, ते मठाच्या मापाने मोजावयाचे आणि मोजणावळीचा अर्धा हिस्सा मठाचा. राजाने मोहोरांची थैली दिली आणि कार्य संपले, असा हा प्रकार नव्हता. रोजच्या उलाढालीतून रोज थोडे-थोडे मठाकडे येत राहील, अशी ही रचना होती. घाण्याचा मालक, धान्याचा गिऱ्हाईक, माप हाती घेणारा मापारी, या सर्वांचा त्या विद्यादानात नकळत वाटा पडत होता. आजच्या भाषेत ज्यास सार्वजनिक निधी म्हणतात, तो याहून वेगळा काय असतो?

याच सुमाराचे आणखी दोन दाखले येथे नोंदविण्यासारखे आहेत. बळसाणे येथील शके ११०६ च्या लेखात तेथील राजमठाच्या दुरुस्तीची नोंद आहे. बांधणाऱ्याचे नाव कोरण्याची प्रथा सर्वत्र असते. डागडुजी करणाऱ्याचेही नाव शिळेवर कोरावे, इतके महत्त्व त्या काळी दुरुस्तीला होते. वेरूळच्या जैन लेण्यांच्या वरच्या अंगास श्री पार्श्वनाथांची विशाल मूर्ती आहे. तिच्यावरील शके ११५६ च्या लेखात चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ती करविल्याचे म्हटले आहे. पाटण्याचा मठ राजाने आपल्या करातून पोसला, वेरूळची मूर्ती एका श्रावकाने स्वद्रव्यातून घडविली. दोन्ही मार्ग त्या काळी शेजारी-शेजारी चालत होते.

परंतु पाटण्याच्या रचनेची एक मर्यादा होती. जोवर पेठ चालली, तोवर मठ चालला. पुढे राज्ये बदलली, व्यापाराची वाट बदलली, पाटण ओस पडले. घाणे थांबले, तेलाची पळी थांबली आणि मठही लयास गेला. कराची नोंद करणारी शिळा मात्र राहिली. गडावरील लेण्यासाठी अशी काही तजवीज होती किंवा कसे, हे सांगणारा लेख नाही. ते टिकले ते केवळ कातळाच्या बळावर.

पाहणीपासून कायद्यापर्यंत

पाटण्याच्या मठाचा शिलालेख विद्वज्जगासमोर आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यादी ज्योतिर्विदांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात हा लेख आला. पुढे १८८० मध्ये जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांच्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात पाटण्याच्या आणि भामेरच्या लेण्यांचे वर्णन छापले गेले. ‘नागार्जुन कोठडी’ जैन आहे, हे या वर्णनामुळे अभ्यासकांना निःसंदिग्धपणे कळले. हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची सुधारित यादी तयार केली आणि त्यांच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात बळसाणे, चांगदेव, वाघळी, पाटणे इत्यादी ठिकाणांना स्थान मिळाले.

या सर्व उद्योगात एक उणीव प्रारंभी होती. पाहणी करणे व वर्णन छापणे यांवर सरकार खर्च करी. दुरुस्तीवर मात्र हात आखडता असे. १८८१ मध्ये प्राचीन स्मारकांच्या देखभालीसाठी मेजर कोल यांची स्वतंत्र नेमणूक झाली, पण ते पद काही वर्षांतच बंद करण्यात आले. वर्णन झाले म्हणजे वास्तू वाचली असे होत नाही. लेण्याच्या माथ्यावरून झिरपणारे पाणी ग्रंथातील चित्राने थांबत नाही.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत हे धोरण पालटले. १९०२ मध्ये जॉन मार्शल यांच्या हाती पुरातत्त्व खात्याची धुरा आली आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. ‘संरक्षित स्मारक’ ही संज्ञा या कायद्याने रूढ झाली. स्मारकास इजा करणे दंडनीय ठरले आणि त्याच्या डागडुजीचा भार सरकारने उचलावा, हे तत्त्व मान्य झाले. १९२३ मध्ये मार्शल यांनी सिद्ध केलेल्या जतनविषयक नियमपुस्तिकेत जे जुने आहे ते जुनेच ठेवावे, हरवलेला भाग कल्पनेने नवा घडवू नये, हा दंडक सांगितला आहे. नव्याची झळाळी आणणे म्हणजे जीर्णोद्धार, असे मानणाऱ्यांनी हा दंडक आवर्जून समजून घ्यावयास हवा.

डोंगराच्या पलीकडची तिजोरी

सातमाळ्याच्या ज्या रांगेच्या उत्तरेस पाटणे आहे, तिच्याच दक्षिणेकडील बाजूस पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. ब्रिटिश अमलात पाटणे खानदेश जिल्ह्यात, तर पितळखोरे निजामाच्या राज्यात होते. एकच डोंगर, पण खर्च करणाऱ्या तिजोऱ्या दोन. निजामाच्या तिजोरीने अजिंठ्यासाठी काय केले, हे जळगावकरांना ठाऊक असणे योग्य ठरेल. कारण अजिंठ्यास जाणारा प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या जळगावच्या स्टेशनावरच उतरत आला आहे.

हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये स्वतःचे पुरातत्त्व खाते उभारले आणि गुलाम याझदानी यांना त्याचे संचालक नेमले. १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठी मुद्दाम बोलाविण्यात आले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला. अनेक चित्रे आज जागेवर आहेत त्याचे श्रेय या कामास आहे. परंतु चित्रांवर दिलेला लाखेच्या व्हर्निशचा थर कालांतराने काळवंडला आणि रंग झाकोळले. तो थर उतरविण्याचे जिकिरीचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे करावे लागले. हेतू उदात्त होता, खर्च मुबलक होता, तज्ज्ञ नामांकित होते. तरीही केलेले काम पुन्हा निस्तरावे लागले.

स्वातंत्र्यानंतर अजिंठा केंद्र सरकारच्या देखरेखीखाली आला आणि १९८३ मध्ये वेरूळसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्यानंतर अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्पासाठी जपानकडून कर्ज घेण्यात आले. १९९२ मध्ये पहिल्या टप्प्यासाठी ३७४.५ कोटी येन आणि २००३ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी ७३३.१ कोटी येन मंजूर झाले. लेण्यांच्या जतनाबरोबरच रस्ते, पाणीपुरवठा, वनीकरण, विमानतळ अशी कामे या प्रकल्पात होती. वेरूळच्या जैन लेण्यांसह सारा परिसर प्रवाशांना सुगम झाला, हा लाभ निर्विवाद आहे. मात्र याच प्रकल्पातून उभारलेले आणि २०१३ मध्ये खुले झालेले अजिंठ्याचे भव्य अभ्यागत केंद्र पाणी व विजेच्या थकबाकीपायी पाचेक वर्षांतच बंद ठेवण्याची पाळी आली. इमारत उभारण्यास परदेशी कर्ज मिळाले, पण दिवा लावण्याचा नित्य खर्च कोणाच्या नावे टाकावा, हे ठरले नव्हते. मठासाठी घाण्यामागे पळीभर तेलाची तजवीज करणाऱ्या पाटण्याच्या राजाने हीच गोष्ट आधी ठरविली होती.

राष्ट्रीय महत्त्व आणि त्याचा हिशेब

भारतीय संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९५१ च्या कायद्याने आधीच्या अनेक संरक्षित स्मारकांना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला आणि १९५८ मध्ये प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायदा अस्तित्वात आला. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकाभोवतीचा १०० मीटरांचा परिसर बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरांचा परिसर नियंत्रित केला. कायद्याच्या दृष्टीने अजिंठा आणि ‘नागार्जुन कोठडी’ यांचा दर्जा एकच आहे. तिजोरीच्या दृष्टीने तसे नाही.

देशात केंद्रसंरक्षित स्मारके सुमारे ३,६९० आहेत. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यास सुमारे ११०० कोटी रुपये ठेवण्यात आले होते. सरळ भागाकार केल्यास स्मारकामागे वर्षाला सुमारे ३० लाख रुपये येतात. परंतु हा भागाकार फसवा आहे. याच रकमेतून कर्मचाऱ्यांचे वेतन, उत्खनने, संग्रहालये आणि प्रयोगशाळा चालवावयाच्या असतात, आणि उरलेला पैसा ताजमहाल, हंपी, अजिंठा अशा ख्यातनाम स्थळांकडे अधिक वाहतो. जेथे तिकीट आहे तेथील उत्पन्नही त्या स्थळास मिळत नाही. ते भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. ज्या स्मारकांस तिकीट आहे, त्यांची संख्या दीडशेच्या आत आहे. बाकी सर्व स्मारके पाटण्याच्या पंक्तीतील.

याचा परिणाम काय होतो, हे महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने देशासमोर ठेवले. त्यांच्या पथकांनी १,६५५ स्मारके व स्थळे प्रत्यक्ष जाऊन पाहिली. त्यांपैकी ९२ जागेवर सापडली नाहीत. संसदीय समितीसमोर २०२२ मध्ये सादर झालेल्या माहितीनुसार ३,६९३ स्मारकांपैकी केवळ २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक नेमलेले होते. २०२४ मध्ये १८ स्मारके राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतून वगळण्यात आली. मानवी आघाताने वास्तू एका दिवसात जाते. दुर्लक्षाने ती कागदावर राहते आणि जमिनीवरून जाते.

लेण्याला प्रत्यक्षात लागते तरी काय? माथ्यावर पावसाचे पाणी वळविणारी चर दर उन्हाळ्यात साफ करणे, कातळाच्या भेगांत रुजलेली झाडे मुळे खोल जाण्यापूर्वी काढणे, भेगा योग्य मिश्रणाने भरणे, वटवाघळांची विष्ठा हटविणे, शेवाळ जाणकारांकडून स्वच्छ करून घेणे आणि मूर्तीवर नावे कोरणाऱ्यांना रोखणारा एक माणूस तेथे असणे. यांतील कोणतेही काम अतिखर्चिक नाही, पण कोणतेही एकदा करून संपणारे नाही. एका वर्षी मोठी रक्कम आणि पुढील दहा वर्षे काही नाही, अशा पद्धतीने कातळ टिकत नाही.

देवद्रव्य आणि राजद्रव्य

येथे साहजिकच असा विचार मनात येतो, की जैन समाज मंदिरांसाठी मुक्तहस्ताने दान करतो. मग खानदेशातील जैन लेण्यांचा भार समाजानेच का उचलू नये? श्रावकपरंपरेत सात क्षेत्रांत द्रव्य वापरण्याचा उपदेश आहे आणि नूतन मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे फळ आठपट सांगितले आहे. सेठ आणंदजी कल्याणजी पेढीने कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली राणकपूर व देलवाडा येथे केलेले जीर्णोद्धार देशभर आदर्श मानले जातात. जुन्या कामाशी नवे काम एकजीव होईल, अशी दक्षता तेथे घेतली गेली.

पण राणकपूर आणि पाटणे यांत मूलभूत भेद आहे. राणकपूर हे नित्यपूजेचे, पेढीच्या वहिवाटीतील मंदिर आहे. पाटण्याचे लेणे सरकारच्या ताब्यातील, पूजा खंडित झालेले स्मारक आहे. देवद्रव्य हे त्या-त्या उद्दिष्टासाठीच वापरता येते, हा जैन शास्त्राचा दंडक. आणि भारतीय न्यायव्यवस्थेनेही त्याची दखल घेतली आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० मध्ये झाला, तेव्हा त्यास आव्हान देणाऱ्यांत एका जैन मंदिराचे व्यवस्थापक होते. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्त संस्थांवर देखरेख करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. परंतु धार्मिक न्यासाचा पैसा, धर्मतत्त्वांना सोडून, दुसऱ्या हेतूकडे वळविण्याची तरतूद अमान्य केली. राज्याने मंदिराच्या भंडारास हात लावू नये, हे तत्त्व या निवाड्याने दृढ झाले.

या तत्त्वाला दुसरी बाजूही आहे. संविधानाच्या २७ व्या अनुच्छेदानुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कोणावरही कर लादता येत नाही. मग सर्व धर्मीयांच्या करातून जैन लेण्यावर खर्च कसा होतो? तो खर्च धर्मस्थान म्हणून नव्हे, तर राष्ट्राची स्मृती म्हणून होतो, हे त्याचे उत्तर आहे. पाटण्याच्या तीर्थंकरमूर्तीसाठी ज्या कापूस उत्पादकाने, ज्या विणकराने, ज्या किराणा दुकानदाराने कर भरला, त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक आहेत. त्यामुळे त्या मूर्तीवर सर्वांचा हक्क आहे. तेथे स्वेच्छेने लेप देणे, तेल लावणे, चक्षू बसविणे, फरशी घालणे किंवा पूजा सुरू करणे हे कायद्यास मान्य नाही. भक्तिभावाने केलेली अशी कृतीही मूर्तीचे मूळ रूप झाकून टाकते आणि ज्या सार्वजनिक आधारावर ते लेणे उभे आहे, त्यालाच धक्का लावते. मालकी सोडून ममत्व ठेवणे कठीण असते; पण अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या समाजास ते अशक्य नसावे.

समाजाचा वाटा

सरकारी तिजोरीने खर्च करावा आणि समाजाने स्वस्थ बसावे, असा याचा अर्थ नाही. १९५८ च्या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार संरक्षित स्मारकाच्या देखभालीसाठी स्वेच्छेने दिलेले अंशदान स्वीकारण्याचा अधिकार पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांना आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीत विशिष्ट स्मारकाचे नाव घालून देणगी देता येते आणि तीस आयकरात सवलत आहे. २०१७ मध्ये आरंभिलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या स्मारक दत्तक योजनेखाली संस्थांना पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, माहितीफलक, पायवाट अशा सोयी करता येतात. मूळ वास्तूच्या जतनाचे काम मात्र खात्याच्या तज्ज्ञांकडेच राहते, आणि अजिंठ्याच्या व्हर्निशचा अनुभव पाहता ते योग्यच आहे. देवद्रव्यास हात न लावता, साधारण खात्यातून किंवा व्यक्तिगत दानातून हे मार्ग खुले आहेत. संस्थेच्या घटनेतील उद्दिष्टांत ते बसते किंवा कसे, एवढे विश्वस्तांनी आधी पाहावे लागते.

पैशाइतकीच लक्ष ठेवण्याची गरज आहे. वर्षातून एकदा पाठशाळेची मुले जाणकारांसह पाटणे, भामेर, बळसाणे येथे गेली. त्यांनी छायाचित्रे काढून तारखेसह जपून ठेवली. कोठे नवी भेग पडली, कोठे झाड रुजले, कोठे कोणी नाव कोरले, हे खात्याच्या छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालयास लेखी कळविले, तरी पुष्कळ साधेल. ज्या स्मारकाविषयी विचारणा होते, त्याच्या वाट्यास निधी येण्याची शक्यता वाढते. ज्याविषयी कोणीच विचारत नाही, ते यादीच्या तळाशी जाते.

याशिवाय एक क्षेत्र सर्वस्वी समाजाच्या हाती आहे. खानदेशच्या गावोगावी जी जुनी जिनमंदिरे, उपाश्रय, हस्तलिखिते, नक्षीदार लाकडी खांब आणि प्रतिमांवरील लेख आहेत, त्यांतील पुष्कळ कोणत्याही सरकारी यादीत नाहीत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने लाकूड उतरवून संगमरवर चढविताना त्या खांबावरची तारीख आणि दात्याचे नाव अनेकदा नाहीसे होते. काम हाती घेण्यापूर्वी जुन्या वास्तूचे मोजमाप, छायाचित्रे आणि लेखांचे ठसे घेऊन ठेवावेत, शक्य तेथे जुना भाग तसाच राखावा. यास सरकारी अनुदान लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी धुळेकरांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे केले; कागदाचे मोल जाणण्याची परंपरा या भूमीस नवी नाही.

पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडताना कोणतीही विश्वस्त संस्था आपण काय उभारले हे सांगते, आणि ते स्वाभाविकही आहे. नवे शिखर दुरून दिसते, त्यावर दात्याचे नाव शोभते. लेण्याच्या माथ्यावरची साफ केलेली चर कोणास दिसत नाही आणि तिच्यावर नाव कोरता येत नाही. बळसाण्याच्या जुन्या लेखाने मात्र मठ दुरुस्त करणाऱ्याचे स्मरण आठशे वर्षांहून अधिक काळ जपले आहे. पाटण्याच्या शिळेने तर त्याहून लहान माणसाची नोंद ठेवली आहे. रोज पळीभर तेल देणाऱ्या घाणेवाल्याची. त्या घाणेवाल्याचे नाव तेथे नाही, पण त्याच्या वाट्याचे माप आहे. कन्हेरगडाच्या कातळातील जिनमूर्ती पुढील पिढ्यांस पाहावयास मिळावयाच्या, तर शासनाच्या तिजोरीतून आणि समाजाच्या ओंजळीतून तेवढेच माप, पण न चुकता, पडत राहिले पाहिजे.